कविवर्य केशवसुत आणि प्रीतीचे काव्य

इंग्रजी कवितांचे पुस्तक प्रथमच हाती घेणाऱ्या आपल्याकडील विद्यार्थ्यास एका गोष्टीचे नवल वाटल्यावाचून राहत नाही. त्या पुस्तकातील पुष्कळ कवी 'मी' म्हणून बोलतात. अमुक राजाचे अमुक राजकन्येवर मन जडले, असे ते सांगत नाहीत. माझे मन जडले, मला विरह झाला, मला ती सुंदर दिसली, असे सांगतात. आपल्या जुन्या मराठी काव्यात प्रेम नव्हते असे मुळीच नाही. रघुनाथ पंडिताची दमयंती आहे, पंडित कवींच्या स्वयंवरकथांतील रुक्मिणी आहे, राम जोशी व होनाजी बाळा यांच्या लावण्या तर सर्वश्रुतच आहेत. परंतु तेथे प्रेम करणारा एक आणि त्याचे वर्णन करणारा दुसरा. संतांनी 'मी' म्हटले खरे. पण ते देवापुढे उभे राहून म्हटले. एखाद्या साध्या गृहस्थाने आपल्या स्वतःच्या अंतःकरणातील प्रीती आपल्याच तोंडाने काव्यात सांगावी, ही रीत मराठीत ज्या थोड्या पुरुषांनी पाडली, त्यांत अग्रस्थान कृष्णाजी केशव दामले ऊर्फ केशवसुत यांचे आहे.

त्यांचे चरित्र मोठमोठ्या घडामोडींनी भरलेले नाही. ना त्यांनी परदेशगमन केले, ना सभा गाजविल्या, ना पैसा मिळविला. एका शाळामास्तराचे ते आयुष्य, आणि तेही अवघे ३९ वर्षांचे. तथापि त्या आयुष्यात एक कठीण प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला व तो त्यांनी आपल्या परीने सोडविला, म्हणून ते सांगण्याजोगे आहे.

केशवसुतांचा जन्म १८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यात, गणपतीपुळ्याजवळील मालगुंड या गावी झाला. वडील केशवपंत हे प्रथम खेड्यातील मराठी शाळेत शिक्षक होते. घर मोठे, मिळकत बेताची, मुले पुष्कळ. या भावंडांपैकी मोरो केशव दामले यांनी पुढे मराठी भाषेचे शास्त्रीय व्याकरण रचून नाव मिळविले, आणि सीताराम केशव दामले वृत्तपत्रकार व कादंबरीकार म्हणून प्रसिद्धीस आले. एकाच सारवलेल्या ओटीवर वाढलेल्या या मुलांपैकी एकाने भाषेचे नियम बांधावेत आणि दुसऱ्याने कवितेचे जुने नियम सैल करावेत, हा योग मोठा गमतीचा आहे.

कृष्णाजी लहानपणापासून अबोल, एकलकोंडे व थोडे उदास चेहऱ्याचे होते. शाळेत मास्तर हसऱ्या मुलांवर लोभ करतात, हे आपण जाणतोच. या मुलाच्या मुद्रेवर एका शिक्षकाने बोट ठेवले आणि ते शब्द मुलाच्या जिव्हारी लागले. पुढे विशीत असताना त्यांनी 'दुर्मुखलेला' नावाची कविता लिहिली व त्या शिक्षकास मनातल्या मनात उत्तर दिले. ज्या मुखास आज तुम्ही हिणवता, त्याच मुखातून उद्या जगाला रिझविणारे काव्य निघेल, असा तिचा आशय. एका किशोराचा हा अभिमान कोणास थोडा बालिश वाटेल. पण चेहऱ्याचे सौंदर्य निराळे आणि आतले निराळे, ही गोष्ट त्यांना पुस्तकांतून शिकावी लागली नाही, एवढे त्यावरून दिसते.

शिक्षणासाठी त्यांना फार भटकावे लागले. नातलगांच्या आश्रयाने बडोदे झाले, वर्धा झाले, नागपूर झाले. नागपुरास १८८३ च्या सुमारास त्यांची एका तरुणाशी ओळख झाली. हा तरुण वयाने चार-पाच वर्षांनी मोठा, वक्तृत्वात तरबेज, आणि कविता त्याच्या मुखातून सहज वाहत असे. त्याचे नाव नारायण वामन टिळक. आपल्या शाळेच्या वाचकांस हे नाव परके नाही. पण या टिळकांच्या शिक्षणाचा आरंभ आपल्या कल्याणात झाला, १८६९ ते १८७३ अशी चार वर्षे ते येथील शाळेत शिकले, हे किती मुलांस ठाऊक असेल कोण जाणे. आईच्या मृत्यूनंतर ते नाशिकास गेले, तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत काव्य शिकले, आणि नंतर इंग्रजी शाळेत दाखल झाले. असा हा अनुभवी सोबती नागपुरास कृष्णाजींना भेटला. टिळकांच्या सहवासाने केशवसुतांच्या मनातील काव्याची ठिणगी फुलली, असे पुढील अभ्यासकांनी म्हटले आहे, व ते खरे वाटते. दोघांचे स्वभाव अगदी भिन्न. एक बोलका, दुसरा मुका. टिळक पुढे १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि फुलांमुलांचे कवी म्हणून महाराष्ट्राच्या आवडीचे झाले. त्यांच्या संसाराची हकीकत लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात लिहून ठेवली आहे. ती हकीकत येथे सांगू लागलो तर केशवसुत बाजूलाच राहतील.

नागपुराहून कृष्णाजी पुण्यास आले व १८८४ च्या सुमारास न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकू लागले. चिपळूणकर, लोकमान्य टिळक व आगरकर यांनी १८८० साली काढलेली ही शाळा त्या वेळी ऐन भरात होती. मॅट्रिकची परीक्षा मात्र त्यांना सहजी साधली नाही. विशी उलटून गेल्यावर ती एकदाची पदरात पडली, आणि शिक्षण तेथेच संपले. महाविद्यालयाची पायरी त्यांना चढता आली नाही. इंग्रजी काव्याचा जो व्यासंग त्यांनी केला तो स्वतःच्या हौसेने, दिव्याच्या उजेडात, मागून आणलेल्या पुस्तकांवर.

ती पुस्तके कोणती होती? त्या काळी इंग्रजी शिकणाऱ्या तरुणांच्या हाती पालग्रेव्ह नावाच्या संपादकाने १८६१ साली काढलेला 'गोल्डन ट्रेझरी' हा संग्रह हटकून असे. शेक्सपिअरच्या काळापासून वर्ड्स्वर्थच्या काळापर्यंतची निवडक भावगीते त्यात चार भागांत लावलेली आहेत. या संग्रहात प्रीतीच्या कविता विपुल आहेत, आणि त्या वाचताना एक मौजेचा इतिहास ध्यानात येतो.

ही प्रीतिकविता मूळची इंग्लंडची नव्हेच. चौदाव्या शतकात इटलीमध्ये पेट्रार्क नावाचा कवी होऊन गेला. लॉरा नावाच्या, आपल्यास कधीही न लाभणाऱ्या स्त्रीवर त्याने चौदा चौदा ओळींची शेकडो कवने रचली. आठव्या हेन्रीच्या दरबारातील वायट व सरे या दोन सरदारांनी तो प्रकार इंग्रजीत आणला, आणि सोळावे शतक संपावयाच्या आत तो असा काही बोकाळला की ज्याला लेखणी धरता येत होती तो प्रत्येक जण आपल्या प्रेयसीवर चौदा ओळी लिहू लागला. सौंदर्याचे वर्णन ठरलेले. केस सोन्याच्या तारांचे, ओठ पोवळ्याचे, गाल गुलाबाचे, नेत्र सूर्यासारखे. आपल्याकडील चंद्रमुखी, कमलनयना व गजगामिनी यांचीच ती विलायती भावंडे म्हणावयाची! एवढ्या उपमांच्या ओझ्याखाली खरी स्त्री कोठे दडपली गेली, याचा शोध करावयास कोणी गेले नाही.

शेक्सपिअरने या प्रकाराची एका कवितेत चांगलीच थट्टा केली आहे. त्याची चौदा ओळींची १५४ कवने १६०९ साली छापली गेली. त्यांपैकी एकात तो आपल्या प्रियेविषयी एकेक ठरीव उपमा घेतो आणि ती तिला लागू पडत नाही असे सांगत जातो, आणि शेवटी तीच आपल्यास अनुपम वाटते असे कबूल करतो. येथे एक मोठा पालट झाला. सौंदर्य चेहऱ्यातून निघाले आणि पाहणाऱ्याच्या प्रेमात जाऊन बसले. दुसरा पालट त्याच सुमारास स्पेन्सरने केला. त्याची कवने न लाभणाऱ्या कोणा सरदारकन्येवर नाहीत. १५९४ साली जिच्याशी त्याने लग्न केले त्या वधूवर आहेत. आणि त्यानंतर दोनशे वर्षांनी वर्ड्स्वर्थने आपल्या पत्नीवर जी प्रसिद्ध कविता लिहिली, ती तर या दृष्टीने फारच विचार करण्यासारखी आहे. ती प्रथम त्याला एखाद्या अप्सरेसारखी भासते. जवळून पाहता घरात वावरणारी, रोजची कामे करणारी साधी स्त्री दिसते. आणि सहवास वाढल्यावर धैर्य, विचार व सहनशीलता यांनी भरलेला एक जीव तिच्या ठायी आढळतो. रूपाकडून गुणाकडे व गुणाकडून आत्म्याकडे असा हा प्रवास, आणि तो सर्व एका संसारी घराच्या चार भिंतींत घडतो.

आता केशवसुतांपुढील प्रश्न काय होता तो पाहा. त्यांचे लग्न त्या काळच्या रीतीप्रमाणे शाळेत असतानाच, वडील मंडळींनी ठरवून, चितळे घराण्यातील रुक्मिणी नावाच्या लहान मुलीशी झाले होते. वर व वधू यांना कोणी विचारले नव्हते. विचारावयाचे असते ही कल्पनाच समाजात नव्हती. अशा मुलाने इंग्रजी प्रीतिकाव्य वाचले म्हणजे त्याच्या मनाचे काय होईल? त्या काव्यातील तरुण तरुणीस पाहतो, तिची मनधरणी करतो, झुरतो, नकार ऐकतो. येथे तर सारे आधीच ठरून चुकलेले! पुष्कळ इंग्रजी शिकलेल्या तरुणांनी या प्रश्नाची दोनच उत्तरे काढली. कोणी म्हणाले, ही कविता आपल्या उपयोगाची नाही, ती साहेबांची. आणि कोणी काल्पनिक प्रेयसी उभी करून तिच्यापुढे खोटे अश्रू ढाळू लागले.

आणि हा प्रश्न कवितेपुरता नव्हता. केशवसुत पुण्यात शिकत होते त्याच वर्षांत बालविवाहाचा वाद साऱ्या महाराष्ट्रात पेटला होता. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ साली बालविवाहाविरुद्ध आपली टिपणे प्रसिद्ध केली. त्याच साली मुंबईच्या न्यायालयात रखमाबाईंचा खटला उभा राहिला व तो १८८८ पर्यंत गाजत राहिला. लहानपणी, आपल्या संमतीवाचून झालेल्या लग्नात नांदावयास जाण्याचे त्या बाईंनी नाकारले होते. आगरकरांनी १८८८ साली 'सुधारक' पत्र काढून या रूढीवर शस्त्र धरले, आणि १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला. घरोघर भांडणे लागली. संमतीवाचून झालेल्या लग्नात प्रीती असू शकते काय, हा त्या वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न होता, आणि वाद घालणारे बहुतेक लोक त्याचे उत्तर शास्त्रांत किंवा कायद्यांत शोधीत होते.

केशवसुतांनी ते उत्तर स्वतःच्या मनात शोधले. घरापासून दूर पुण्यात राहत असताना ते रात्री अंथरुणावर पडून कोकणातील आपले घर आठवीत. शेजारी मित्र आहे, त्याच्याशी घरच्या गोष्टी बोलता बोलता झोप उडाली आहे, आणि डोळ्यांपुढे आई, वडील व सारी घरची माणसे येत आहेत, अशी त्यांची एक आरंभीची कविता आहे. मातृप्रेम एका काव्याचे व कांताप्रेम दुसऱ्या काव्याचे, अशी वाटणी त्यांनी केली नाही. जिच्याशी आपले लग्न लावून दिले गेले, तिची आठवण आपल्यास येते, ती दूर असता करमत नाही. मग हीच ती प्रीती नव्हे काय? निवड करण्याची संधी हुकली तरी प्रीती करण्याची संधी रोज आहे, असे त्यांनी जणू ठरविले, आणि इंग्रज कवी आपल्या वाग्दत्त वधूला उद्देशून जे बोलत ते आपल्या लग्नाच्या बायकोस उद्देशून बोलावयास आरंभ केला.

या आरंभीच्या प्रीतिकवितांची स्तुती करताना मात्र हात थोडा आखडता घ्यावा लागतो. त्यांनी सुरुवातीस 'रघुवंशा'च्या काही भागाचे मराठीत रूपांतर केले होते, आणि संस्कृत शृंगाराची वळणे त्यांच्या लेखणीत पुष्कळ दिवस रेंगाळत राहिली. काही ठिकाणी वर्णन भडक झाले आहे, काही ठिकाणी अलंकार उसने आहेत. इंग्रजी कवितांची भाषांतरेही त्यांनी बरीच केली. त्यांच्या सुमारे १३५ कवितांत या भाषांतरांचा वाटा लहान नाही. त्यांतील काही ओबडधोबड आहेत. पण भाषांतर करणाऱ्यास दोन भाषांच्या मापांतील अंतर कळू लागते, आणि तेच ज्ञान त्यांच्या पुढे कामी आले.

'प्रीति' या कवितेत ते एकदम स्वतःच्या आवाजात बोलतात. प्रीती बाजारात मिळेल काय, वाटेवर सापडेल काय, असे विचारणाऱ्याला ते सांगतात की ती पैशाने येत नाही. अंतःकरण द्यावे तेव्हाच अंतःकरण मिळते. हुंडा व मानपान यांच्या बोलण्यांनी लग्ने जुळत होती, त्या समाजात हे बोल प्रसिद्ध झाले, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्यांतील धार कळते. शब्द साधे आहेत, चाल साधी आहे.

आणि मग १८९२ साल येते. त्या साली केशवसुतांनी 'मयूरासन आणि ताजमहाल' ही चौदा ओळींची कविता लिहिली. मराठीतील हे पहिले सॉनेट. त्यांनी या प्रकारास चतुर्दशक असे म्हटले. सुनीत हे गोड नाव पुढे रूढ झाले. इंग्रजीत या कवनाची ओळ दहा अक्षरांची असते. केशवसुतांनी तिच्यासाठी शार्दूलविक्रीडित हे १९ अक्षरांचे वृत्त निवडले. प्रथमदर्शनी ही निवड अवजड वाटते. परंतु शार्दूलविक्रीडिताची चाल गंभीर आहे, तिच्यात एखादा विचार भारदस्तपणे मांडून त्यास वळण देता येते, आणि मराठी कानाला ती मंगलाष्टकांपासून ओळखीची आहे. परक्या काव्यप्रकाराला त्यांनी घरचे वस्त्र नेसविले, असे म्हणावयास हरकत नाही.

विषयाची निवडही तशीच विचारपूर्वक आहे. पेट्रार्कचे अनुकरण करावयाचे तर एखाद्या सुंदरीचे मुख वर्णावयाचे. केशवसुतांनी तसे केले नाही. शहाजहान बादशहाने दोन वस्तू घडविल्या. एक रत्नांनी मढविलेले मोराचे सिंहासन, आणि दुसरी आपल्या मृत पत्नीची कबर. सिंहासन १७३९ साली नादिरशहाने दिल्ली लुटली तेव्हा इराणास गेले व पुढे नाहीसे झाले. कबर यमुनेच्या काठी उभी आहे. ऐश्वर्याच्या हावेने जे निर्माण केले ते चोराच्या हाती गेले. प्रीतीने जे निर्माण केले त्याचे सौंदर्य उरले. चौदा ओळींत दोन चित्रे समोरासमोर ठेवण्यास हा प्रकार किती योग्य आहे ते यावरून दिसते. शिवाय एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. ताजमहाल हे प्रेयसीचे स्मारक आहे हे खरे, पण ती प्रेयसी म्हणजे बादशहाची विवाहित पत्नी, त्याच्या अनेक मुलांची आई. मराठीतील पहिल्या सॉनेटातील नायिका ही अशी एक संसारी स्त्री आहे. इंग्रजी प्रीतिकाव्यातून केशवसुतांनी काय उचलले आणि काय टाकले, ते माझ्या मते येथे सर्वांत स्वच्छ दिसते.

१८९० नंतरची काही वर्षे त्यांनी मुंबईत काढली. ती फार हलाखीची होती. त्यांनी काही काळ मिशनच्या शाळेत शिकविले, काही काळ अमेरिकन मराठी मिशनच्या 'ज्ञानोदय' पत्राच्या कचेरीत काम केले, आणखी एकदोन शाळांत तुटपुंज्या पगारावर शिक्षकी केली. बिऱ्हाड कधी मांडावयाचे, कधी मोडावयाचे. रुक्मिणीबाईंना वारंवार गावी पाठवावे लागे. प्रीतीवर कविता करणाऱ्या या कवीला प्रत्यक्ष सहवास मात्र तुकड्या-तुकड्यांनी मिळाला. आणि याच तंगीच्या दिवसांत, १८९३ साली, 'तुतारी' व 'झपूर्झा' या त्यांच्या दोन अत्यंत गाजलेल्या कविता जन्मास आल्या. 'झपूर्झा' हा शब्द त्यांनी कोठून आणला? कोणत्याही कोशातून नव्हे. मुली खेळताना 'जा पोरी जा' असे भरभर म्हणतात, त्याचा हा अपभ्रंश. मुलींच्या फुगड्यांतील शब्द उचलून त्यांनी तो तल्लीनतेच्या परमावधीस लावला. सौंदर्य पाहून देहभान हरपते त्या अवस्थेस मराठीत नाव नव्हते, ते असे मिळाले.

'तुतारी'त आणि त्याच्या आधीच्या 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' या १८८८ मधील कवितेत जातिभेदावर व रूढीवर जो प्रहार आहे, तो प्रीतिकवितांपासून निराळा समजण्याची चाल आहे. मला ती बरोबर वाटत नाही. जो मनुष्य आपल्या पत्नीकडे वडिलांनी आणून दिलेली वस्तू म्हणून पाहत नाही, एक स्वतंत्र जीव म्हणून पाहतो, त्यालाच रस्त्यात हाकलले गेलेले पोरही जीव म्हणून दिसते.

कवितांची वाहवा मात्र झाली नाही. हरि नारायण आपटे, गोविंद वासुदेव कानिटकर यांच्यासारखे थोडे रसिक पाठीशी उभे राहिले. आपट्यांचे 'करमणूक', जळगावचे 'काव्यरत्नावली' मासिक, पुढे 'मनोरंजन' यांत कविता येत राहिल्या. विद्वान मंडळींनी त्यांतील ओबडधोबडपणाकडेच पाहिले. केशवसुत मुळात लाजरे. स्वतःचे नाव पुढे करावयाचे नाही, सभेत बसावयाचे नाही; छायाचित्र काढून घेण्याचा तर त्यांना इतका तिटकारा की त्यांचे एकही छायाचित्र मागे उरले नाही.

१८९६ साली मुंबईत प्लेग शिरला, आणि शहर ओस पडू लागले. केशवसुतांनी मुंबई सोडली व १८९८ साली खानदेशात भडगाव येथे शिक्षकाची जागा पत्करली. १९०१ साली फैजपूरच्या शाळेचे ते मुख्याध्यापक झाले. खानदेशातील या उन्हाळी प्रदेशात कोकणच्या या माणसाचा जीव रमला असेल असे वाटत नाही. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याला उद्देशून त्यांनी लिहिलेली कविता वाचावी, म्हणजे समुद्रकाठच्या गावाची ओढ कशी असते ते कळेल. परंतु संसार येथे थोडा स्थिरावला. घरात मुली होत्या. १९०० साली लिहिलेल्या 'सतारीचे बोल' या कवितेत, निराश मनाने काळोखात भटकणाऱ्या माणसाच्या कानी एका घरातून सतारीचे सूर येतात. आधी ते त्याला नकोसे होतात, आणि मग हळूहळू त्याच्या मनातील गाठ सुटत जाते. एका वेळी ज्याने सौंदर्य पत्नीच्या आठवणीत पाहिले, त्याला ते आता कोणा अनोळखी माणसाच्या बोटांतून ऐकू आले. १९०१ साली त्यांनी 'आम्ही कोण?' हे आणखी एक चौदा ओळींचे कवन लिहून कवींची थोरवी गायिली. आचार्य अत्रे यांनी पुढे त्याचे जे विडंबन केले ते आपल्यापैकी पुष्कळांस मूळ कवितेहूनही अधिक पाठ असते. मूळही वाचावे.

१९०४ साली त्यांची धारवाडच्या हायस्कुलात मराठीचे शिक्षक म्हणून नेमणूक झाली. पगार बरा, काम आवडीचे. पुष्कळ वर्षांनी पोटाची चिंता थोडी हलकी झाली होती. पुढच्या वर्षी, १९०५ च्या नोव्हेंबरात, ते नातलगांस भेटावयास हुबळीस गेले. गावात प्लेग होता. ७ नोव्हेंबर रोजी त्याने त्यांचा बळी घेतला. रुक्मिणीबाईही त्यांच्या मागे काही दिवसांच्या आतच त्याच रोगाने गेल्या.

कवितांचे पुस्तक त्यांच्या हयातीत निघालेच नाही. दहा वर्षे उलटून गेल्यावर हरि नारायण आपट्यांनी ते जमवून प्रसिद्ध केले. तोवर नव्या पिढीने मासिकांच्या जुन्या अंकांतून त्या कविता उतरून घेऊन पाठ केल्या होत्या. बालकवी, रेव्हरंड टिळकांच्या घरी अहमदनगरास राहिलेले, या पिढीचे. आणि स्वतःस केशवसुतांचा चेला म्हणविणारे गोविंदाग्रज हेही याच पिढीचे. या गोविंदाग्रजांस लोक प्रेमाचे शाहीर म्हणत. त्यांचे खरे नाव राम गणेश गडकरी. ठाण्यास मासुंदा तलावाच्या काठी जे रंगायतन आहे, त्यास त्यांचेच नाव दिले आहे. १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळातील माधव जूलियन आदी कवींनी तर सुनीतांची रेलचेलच केली.

मालगुंडास केशवसुतांचे जन्मघर जतन करून ठेवले आहे व शेजारी त्यांचे स्मारक उभारले आहे. घर कौलारू, ओटी सारवलेली, खोल्या लहान. कोकणात सुट्टीत जाणाऱ्या कल्याण-डोंबिवलीच्या मुलांस गणपतीपुळ्याहून तेथे जावयास फार वेळ लागत नाही.